बॅगांसह बॅलार्ड पिअरपर्यंत

मुंबई बंदराच्या लांबलचक भिंतीत ठिकठिकाणी दरवाजे आहेत आणि त्यांची ओळख रंगांवरून आहे. यलो गेट, ऑरेंज गेट, पर्पल गेट, ग्रीन गेट. टॅक्सीवाल्याला ‘इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल’ एवढेच सांगितले तर तो विचारात पडू शकतो, एखाद्याला थेट गेटवे ऑफ इंडियालाही नेऊ शकतो. ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ म्हटले की पुढचा प्रश्न येत नाही. समुद्रप्रवासाला निघालेल्या माणसाने तिकीट, आधार कार्ड आणि औषधांच्या बरोबरीने हे चार शब्दही जवळ ठेवावेत.

या गेटच्या आत, इंदिरा डॉकला लागून, बॅलार्ड पिअरवर मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी भावनगरच्या कार्यक्रमातून त्याचे उद्घाटन केले. सुमारे सव्वाचार लाख चौरस फुटांची इमारत, तपासणी आणि इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर, एकाच वेळी पाच जहाजे लागण्याची सोय आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, असा हा पसारा आहे. खर्च साडेपाचशे कोटींच्या वर गेला. छत, जिने, काउंटर सगळे नव्या विमानतळाच्या तोडीचे. आणि विमानतळापेक्षा एक गोष्ट इथे फार उजवी आहे: देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वे स्थानकांपैकी एक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), इथून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे.

दीड किलोमीटर. हात मोकळे असतील तर वीस मिनिटांची रमतगमत चाल. दोन चाकांच्या बॅगा, एक खांद्यावरची पिशवी, सोबत सत्तरीतले आईवडील आणि मे महिन्यातले दुपारचे बारा, असा मामला असेल तर हाच दीड किलोमीटर सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा ठरतो. पुण्याहून मुंबई सोपी, नाशिकहून सोपी, नागपूरहूनही रात्रभराच्या झोपेत पार पडणारी. नियोजन लागते ते शेवटच्या या तुकड्याचे.

एके काळी हा तुकडा अस्तित्वातच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदायला घेतला. त्यातून निघालेली माती शेजारच्या समुद्रात भरून सुमारे २२ एकर नवी जमीन तयार झाली. तीच बॅलार्ड इस्टेट. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ सालची. त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या कर्नल बॅलार्ड यांचे नाव या वसाहतीला मिळाले. इमारतींचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचा. धक्क्यावर रेल्वेचे स्वतंत्र स्थानक होते, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून टपाल आणि प्रवासी घेऊन आगबोट आली की काही पावलांवर आगगाडी उभी असे. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब मेल सुरुवातीला इथूनच पेशावरच्या वाटेला लागे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटिअर मेलही आगबोटींच्या हंगामात इथे येई. बोटीतून उतरलेल्या साहेबाची ट्रंक हमालाच्या डोक्यावरून थेट गाडीच्या डब्यात जाई.

याच बंदरातून १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेसाठी आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘मुलतान’ या बोटीने आणि दोन आठवड्यांनी महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने निघाले. विमानाने समुद्रप्रवास मोडीत काढला, धक्क्यावरचे स्थानक बंद झाले. प्रवासी जहाजे आता परत आली आहेत. रूळ मात्र आले नाहीत.

म्हणून आजच्या प्रवाशाला जुळणी स्वतः करावी लागते. सुदैवाने महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून येणाऱ्या गाड्या थेट सीएसएमटीलाच संपतात. पुण्याची डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या आत पोहोचते. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर आणि मडगावहून कोकणमार्गे येणारी कोकणकन्या या तिन्ही रात्रीच्या गाड्या सकाळी इथेच येतात. मनमाड-नाशिककडून पंचवटी आहे. सोलापूरची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या सुमारास येते, म्हणजे तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी जहाजाची चेक-इनची वेळ नीट पाहावी. जहाज संध्याकाळी सुटणार असले तरी चेक-इन त्याच्या बरेच आधी बंद होते. लोकल चुकली तर पुढची मिळते, जहाज चुकले तर ते कोचीला किंवा गोव्याला गाठावे लागते. लांबून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीची गाडी धरावी हे इथे आग्रहाने सांगायला हवे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे प्लॅटफॉर्म सीएसएमटीच्या पूर्व बाजूला आहेत, आणि हीच गोष्ट क्रूझच्या प्रवाशाच्या पथ्यावर पडते. बहुतेक जण सवयीने गर्दीबरोबर पुढच्या भव्य दर्शनी भागाकडे जातात. तिकडे लोकलचा लोंढा, टॅक्सींची रांग आणि रस्ता ओलांडायचा तर पायऱ्या असलेला भुयारी मार्ग. १८ नंबरच्या प्लॅटफॉर्मकडून पी. डिमेलो रोडवर बाहेर पडले तर हे सगळे टळते. बाहेर आल्यावर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला वळायचे. सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मागे टाकत हाच रस्ता बॅलार्ड इस्टेटच्या दिशेने जातो. डावीकडे बंदराची भिंत सोबतीला असते. अवजड ट्रक, उखडलेला फूटपाथ आणि मधेच संपणारा कठडा यांची तयारी मात्र हवी. लहान चाकांची बॅग इथे दम काढते.

पुढच्या बाजूने बाहेर पडलेच तर जीपीओसमोरून पूर्वेकडे जाणारा वालचंद हिराचंद मार्ग धरावा. जीपीओची ही इमारत १९१३ सालची, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणाऱ्या घुमटाची. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही भारतीय मालकीची बोट मुंबईहून लंडनला निघाली. देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो तो याच तारखेला. नरोत्तम मोरारजींच्या नावाचा रस्ताही पुढे बॅलार्ड इस्टेटमध्येच आहे, त्याच रस्त्यावर सिंदिया हाउस आहे. परक्या कंपन्यांची मक्तेदारी असताना ज्यांनी भारतीय जहाज समुद्रात लोटले त्यांच्या नावांच्या रस्त्यांवरून बॅग ओढत आजचा प्रवासी बंदराकडे जातो, हे त्याला ठाऊक असायला हवे. तिथे यासाठी एखादा नीट फलक लावणे बंदर प्रशासनाला अजिबात जड नाही.

सीएसएमटीला न संपणाऱ्या गाड्यांचे प्रवासी जास्त अडचणीत असतात. तुतारी एक्स्प्रेस दादरला संपते, कित्येक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला. दादरहून मध्य रेल्वेची लोकल थेट सीएसएमटीला नेते. टिळक टर्मिनसला लागून असलेल्या टिळकनगरहून हार्बरची लोकल मिळते. कागदावर दोन्ही सोपे आहे. प्रत्यक्षात सकाळी आठ ते अकरा या वेळात दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोठी बॅग घेऊन चढणे हा स्वतःवर आणि शंभर नोकरदारांवर अन्याय आहे. त्या वेळेत आलेल्या प्रवाशाने प्रतीक्षालयात बसून चहा घ्यावा, गर्दी ओसरू द्यावी आणि जलद सोडून धीमी लोकल पकडावी. धीमीला काही मिनिटे जास्त जातात, पण दारात उभे राहून बॅग सांभाळायला जागा मिळते. रविवारी निघणाऱ्यांनी मेगाब्लॉकची बातमी आदल्या दिवशी वाचायलाच हवी. हार्बर मार्गावर तो असला की सीएसएमटीच्या गाड्या काही तास बंद असू शकतात.

गेल्या काही काळात या गणितात खरा फरक पडला तो भुयारी मेट्रोमुळे. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची अ‍ॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. २७ स्थानके, कमाल भाडे ७० रुपये. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना स्थानके आहेत आणि तिथून गाडी न बदलता सीएसएमटीला उतरता येते. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, डबे वातानुकूलित आहेत. नागपूर किंवा दिल्लीहून विमानाने येऊन जहाज पकडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी अंधेरीहून दक्षिण मुंबईपर्यंत टॅक्सीत तास-दीड तास काढावा लागे; आता रस्त्यावरच्या कोंडीशी त्यांचा संबंध उरलेला नाही. बॅगेच्या आकारावर आणि वजनावर मेट्रोत मर्यादा असते, प्रवेशद्वारी सामान एक्स-रे यंत्रातून जाते, तेव्हा अवाढव्य ट्रंकेपेक्षा दोन मध्यम बॅगा बऱ्या.

एसटीने मुंबई सेंट्रलला किंवा गुजरातकडून पश्चिम रेल्वेने तिथेच येणाऱ्यांनाही हीच मेट्रो उपयोगी आहे. तिथल्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी आणि मग सीएसएमटी, असा चौथ्या स्थानकाचा प्रवास. १८५३ मध्ये बोरीबंदर, म्हणजे आजचे सीएसएमटी, ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेव्हा तिच्या मागे उभ्या असलेल्या लोकांत नाना शंकरशेट होते. त्यांच्या नावाच्या स्थानकातून बोरीबंदरला जायला आता जमिनीखालून काही मिनिटे पुरतात.

मेट्रोने सीएसएमटीला आलेला माणूस मात्र रेल्वे स्थानकाच्या पश्चिम अंगाला वर येतो आणि बंदर आहे पूर्वेला. पुढचा हुतात्मा चौक थांबा नकाशात तितकाच जवळ दिसतो; तिथून हॉर्निमन सर्कलमार्गे चालत गेले तर झाडांची सावली जास्त आहे आणि रस्ताही देखणा. सामान हलके आणि वेळ हाताशी असेल तर हाच मार्ग निवडावा.

आता टॅक्सी. मुंबईबाहेरच्या माणसाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की शहराच्या दक्षिण भागात रिक्षा चालत नाहीत. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडेच थांबतात. सीएसएमटीबाहेर काळीपिवळी टॅक्सी असते. फेब्रुवारी २०२५ पासून तिचे किमान भाडे ३१ रुपये आहे आणि ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी आहे, म्हणजे ग्रीन गेटपर्यंतचे जवळपास सगळे अंतर किमान भाड्यातच बसते. सामानाचा आकार वेगळा. एवढ्या जवळ यायला चालक नाखूश असतो हे खरे, आणि त्याचीही बाजू आहे. तासभर रांगेत थांबून मिळालेले भाडे एवढेच असेल तर त्याचा दिवस कसा भरणार? मीटरवर थोडे जास्त देण्याची तयारी दाखवली की बोलणे सुरळीत होते.

दुसरी गोष्ट डिकीची. आजच्या बहुतेक काळ्यापिवळ्या टॅक्सी सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत आणि गॅसची टाकी डिकीतच बसवलेली असते. चौघांचे कुटुंब आणि चार मोठ्या बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. बऱ्याच टॅक्सींना टपावर कॅरिअर असते. तिथे बॅग चढवली तर ती दोरीने बांधून घ्यावी. पावसाळी दिवस असेल तर प्लॅस्टिकचे आवरण घरूनच आणावे. जास्त माणसांनी दोन टॅक्सी कराव्यात, त्यात सगळ्यांचे सुख आहे. ठाणे, चेंबूर किंवा नवी मुंबईकडून घरून टॅक्सीनेच निघणाऱ्यांना पूर्व मुक्त मार्ग सोयीचा. २०१३ मध्ये सुरू झालेला हा रस्ता चेंबूरहून थेट पी. डिमेलो रोडवर उतरवतो आणि तिथून बॅलार्ड इस्टेट हाकेच्या अंतरावर येते. उतारावर, ऑरेंज गेटपाशी, मरिन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचे काम सुरू आहे. तिथल्या खोळंब्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

बेस्टची बस सर्वांत स्वस्त. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतरही पहिल्या पाच किलोमीटरला साधी बस १० रुपये, वातानुकूलित १२ रुपये. बॅलार्ड पिअर हे बेस्टच्या फलकांवरचे जुने नाव आहे. थांब्यावर उभ्या असलेल्या कोणाही नोकरदाराला विचारले तर तो योग्य बस दाखवतो. कार्यालये सुटलेली असताना, सुट्टीच्या दिवशी, या भागातल्या बस विरळ होतात, आणि क्रूझचे प्रवासी तर सुट्टी जोडूनच निघतात. इथे शहराने लक्ष घालण्याची खरी गरज आहे. पाचशे कोटींहून जास्त खर्चून टर्मिनल उभे राहिले, शेजारून हजारो कोटींची मेट्रो गेली. या दोहोंच्या मधला दीड किलोमीटर जोडायला सामान ठेवण्याची जागा असलेली, जहाजाच्या वेळापत्रकाला बांधलेली एक छोटी बस पुरेशी आहे. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीच्या वेळेनुसार आगगाडी सुटत होती. जहाजाच्या वेळेनुसार बस सुटायला अडचण कोणती?

बाहेरचे दाखले मराठी पर्यटकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. सिंगापूरच्या क्रूझ सेंटरजवळ मरिना साउथ पिअर हे मेट्रो स्थानक २०१४ मध्ये सुरू झाले आणि तिथून जहाजापर्यंत बॅग ओढत सहज जाता येते. सिडनीत सर्क्युलर कीच्या रेल्वे फलाटावरून समोरच धक्क्याला लागलेले जहाज दिसते. मुंबईतही आशा आहे: आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया या सुमारे साडेसतरा किलोमीटरच्या मेट्रो ११ ला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती शहराच्या पूर्वेच्या, बंदराकडच्या पट्ट्यातून जाणार आहे. तोवर टॅक्सी, बस आणि पाय.

लवकर पोहोचलेल्यांनी काय करावे, हा प्रश्न रात्रीच्या गाड्यांनी येणाऱ्यांना हमखास पडतो. महालक्ष्मी सकाळी पोहोचते, चेक-इन दुपारकडे सुरू होते. सीएसएमटीवर सामान ठेवण्याची सोय आहे. बॅगांना कुलूप लावलेले असावे आणि रेल्वेचे तिकीट जपून ठेवावे, ते दाखवावे लागते. मोकळ्या हातांनी मग फोर्ट भाग पाहता येतो. बॅलार्ड इस्टेटमध्येच वेकफिल्ड हाउसमध्ये १९२३ पासून चालणारे ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह आहे. तिथला बेरी पुलाव ख्यातनाम आहे, पण जागा फक्त दुपारच्या जेवणापुरतीच उघडी असते. चेक-इनची वेळ दुपारी उशिराची असेल तरच हा बेत जमतो.

गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. सोडायला आलेल्या नातेवाइकांचा निरोप तिथेच घ्यायचा. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. म्हणून आजीला हाताला धरून आतपर्यंत पोहोचवू, असा बेत असेल तर तो घरीच बदलावा आणि व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. आत गेल्यावर मोठ्या बॅगांना खोली क्रमांकाची चिठ्ठी लागते आणि त्या वेगळ्या वाटेने जहाजावर जातात. त्या खोलीच्या दारात यायला काही तास लागू शकतात. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, मोबाइलचा चार्जर, लहान मुलाचे कपडे आणि ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असावे. लग्नानंतर बदललेल्या आडनावांचा घोळ इथे आयत्या वेळी निस्तरता येत नाही.

आणखी एक गफलत टाळायला हवी. मुंबईत ‘बोटीला जायचे’ म्हटले की जुन्या पिढीच्या मनात भाऊचा धक्का येतो. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, हा धक्का बांधणारे. कोकणातल्या कित्येक पिढ्या तांदळाची पोती आणि पत्र्याच्या ट्रंका घेऊन तिथूनच बोटीला चढल्या. तो धक्का माझगावला आहे, जवळचे स्थानक हार्बरवरचे डॉकयार्ड रोड. आजही रेवस आणि मोऱ्याच्या लाँच तिथून सुटतात आणि २०२० मध्ये सुरू झालेली मांडव्याची रो-रोही तिथूनच. तिच्या जागेलाही क्रूझ टर्मिनलच म्हणतात, मात्र देशांतर्गत. घारापुरीच्या लाँच गेटवेहून. २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव घेऊन गोव्याला जाणारी ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा प्रवासी पर्पल गेटने आत जात. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून निघते, तिच्यासाठी ग्रीन गेट. चार ठिकाणे, चार वेगळ्या दिशा. पोरांनी मोबाइलवर नकाशा लावून दिला असला तरी वडीलधाऱ्यांच्या हाती कागदावर गेटचे नाव लिहून द्यावे.

परतीचा दिवस बहुधा सोपा जातो. जहाज सकाळी लागते आणि उतरणारे प्रवासी नऊ-दहाच्या सुमारास बॅगांसह गेटबाहेर येतात. त्या वेळी मुंबईची सगळी गर्दी दक्षिणेकडे येत असते. सीएसएमटीला भरून आलेली लोकल परत निघते तेव्हा तिच्यात बसायला आणि बॅग ठेवायलाही जागा असते. ठाणे-कल्याणच्या लोकांनी टॅक्सीवर हजार-दीड हजार घालवण्याआधी याचा विचार जरूर करावा. गेटबाहेर एकदम शेकडो माणसे आली की टॅक्सी अडून बसतात. थोडे आत, बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवर चालत गेले तर रिकामी टॅक्सी मिळते. पुण्याच्या लोकांना दुपारपासून संध्याकाळपर्यंत गाड्या आहेत. कोकणात जाणाऱ्यांची मांडवी मात्र सकाळी लवकरच निघून गेलेली असते आणि कोकणकन्या सुटते रात्री उशिरा. त्यांनी बॅगा पुन्हा सीएसएमटीवर ठेवाव्यात आणि रात्रीच्या गाडीचे आरक्षण जहाजाच्या तिकिटाबरोबरच करून टाकावे.